उलटं किराईत

आमच्या घरात उंच माणसाला मान वाकवूनच यावं लागे, आणि त्यात विनयाचा काही भाग नव्हता. माजघराच्या आढ्यापासून ओटीच्या वाशांपर्यंत जिथे म्हणून दोरी बांधता येईल तिथे औषधी वनस्पतींच्या जुड्या टांगलेल्या असत, मुळं वर, शेंडे खाली. अडुळसा, किराईत, माका, पुनर्नवा, आणि जिचं नाव नानांखेरीज कुणाला ठाऊक नाही अशी कितीतरी. नाना म्हणजे माझे वडील. कल्याणात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. औषधाला येणाऱ्यांच्या पगड्या त्या जुड्यांत अडकत, आणि डोक्यावरची इभ्रत सोडवून घेण्याच्या गडबडीत माणूस आपलं पोट दुखतंय हेही क्षणभर विसरे. आम्हां घरच्यांना मात्र त्या जुड्या दिसतच नसत. घरात वासे असतात, तुळया असतात, तशा जुड्या असतात, इतकंच आम्हांला ठाऊक.

पहाटे डोळा उघडे तो खलाच्या आवाजानं. सख्या गडी ओटीवर बसून कुटत असे आणि कुटता कुटता डुलकीही काढत असे. आवाज थांबला की नाना देवघरातून स्तोत्र न तोडता नुसतं खाकरत, आणि खल पुन्हा सुरू होई. स्वयंपाकघरात दोन चुली. एकीवर आईचा भात, दुसरीवर नानांचा काढा, आणि वाफा दोन्हींच्या एकच. त्यामुळे आमच्या घरच्या भाताला, ताकाच्या कढीला, कुळथाच्या पिठल्याला, फार काय सणाच्या खिरीलाही एक बारीक कडू वास असायचा. पाहुणे ‘वा, छान!’ म्हणत आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढत. पावसाळा सरून तापाचे दिवस आले की घरातल्या झाडून सगळ्या पोरांना उपाशीपोटी किराइताचा काढा मिळे. आत्या एका हातानं नाक दाबायची, दुसऱ्या हातानं वाटी रिकामी करायची, आणि मग हातावर गुळाचा खडा. ही आत्या नानांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरात नानांच्या खालोखाल, खरं म्हणजे नानांच्या वरताण, तिचीच सत्ता. आता या वयात डॉक्टर मला साखरेचा मुलामा दिलेल्या गोळ्या देतो. गिळते बापडी, पण तोंड कडू झाल्याशिवाय औषध घेतल्यासारखं वाटत नाही.

मुलींची शाळा बाजारपेठेच्या मागच्या आळीत एका भाड्याच्या ओटीवर भरे. आमचे जनार्दनमास्तर ठाण्याचे, कोपरीला राहत आणि सकाळच्या आगगाडीनं येत. मास्तरकी पत्करण्याआधी ते मुंबईला चित्रकला शिकले होते, आणि ती खोड त्यांची गेली नव्हती. आमच्या शाळेत चित्रकलेचा असा तास नव्हताच, पण सगळे तास चित्रानं सुरू होत. भूगोल म्हणजे आधी पाटीवर आपलं दार काढायचं, मग आळी, मग बंदर, मग खाडी, आणि खाडीच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांचं ठाणं. मधला मुंब्र्याचा डोंगर ते स्वतः फळ्यावर काढून दाखवत, कारण सकाळीच गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असे. पावकी-निमकी शिकवताना फळ्यावर हे भलंमोठं घावन काढत आणि त्याचे चार तुकडे पाडून विचारत, ‘एकीला एक पाव, तर पाच जणींना किती?’ आम्ही ‘सव्वा घावन!’ म्हणून ओरडत असू. उत्तर बरोबर असे, आणि भूकही लागे. ‘पोरींनो,’ मास्तर म्हणत, ‘जे तुम्हांला काढता येत नाही ना, ते तुम्ही नीट पाहिलेलंच नाही असं समजा.’

आज माझ्या नातीला शाळेत रंगांची पेटी मिळते आणि फुलपाखरं काढल्याबद्दल बाई शाबासकी देतात. आमच्या वेळी यावरून गावात काय गदारोळ उठला ते तिला सांगितलं तर ती हसते. हसू दे. आमच्या ओटीवर औषधाच्या पुड्या बांधून होईपर्यंत बसलेली मंडळी दुसरं बोलतच नसत. त्यात पुढे कचेरीतले तात्या. त्यांची चिमी माझ्याच वर्गात. ‘वैद्यबुवा, पाढे म्हणायच्या वेळेला पोरी घावनं काढतात हो! यांना काय चितारी व्हायचंय की आचारी?’ आतून आत्या पुस्ती जोडी, ‘चित्रं काढून चूल पेटत असती तर मग काय!’ नाना बराच वेळ ऐकून घेत. एके दिवशी मात्र त्यांनी पुडी बांधता बांधता निकाल देऊन टाकला. ‘मार्गशीर्षात शाळाखात्याचे डिपुटीसाहेब परीक्षा घ्यायला येतील. आपण चौघे जाऊन बसू. पोरींना काही येत असेल तर उत्तम. नसेल तर माझी मथू त्या दिवसापासून घरी.’

मथू म्हणजे मी. नानांचा शब्द गावात चाले. वैद्यबुवांनी मुलगी काढली म्हटल्यावर तात्यांनी चिमीला काढलंच असतं, मग बाकीच्यांनी, आणि मोजक्या मुलींची ती शाळा तशीच मिटली असती. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला शाळेची काळजी नव्हती, माझी होती. शाळेच्या ओटीवर मला जे काही वाटायचं ते घरात वाटत नसे. घरात मी कुणाची तरी मुलगी, कुणाची भाची, आणि लवकरच कुणाची तरी सून. तिथे नुसती मथू, आणि माझी पाटी. ती सुटणार या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी ती करामत करून ठेवली. वस्तुपाठाचा तास होता. मास्तर म्हणाले, ‘घरी रोज पाहता अशी एक वनस्पती आठवा आणि काढा. मग तिच्याबद्दल बोलू.’ चिमीनं तुळस काढली, कुणी केळ, कुणी अबोली. मी किराईत काढलं. रोज सकाळी ज्याच्या नावानं नाक दाबलं जातं ते मी विसरणार होते थोडीच! चौकोनी देठ, समोरासमोर पानं, बारीक टोकदार शेंगा, आणि मुळांचा तर एक एक केस काढला. पाटी वर केली आणि चिमी किंचाळली, ‘अगं बाई! मास्तर, मथूचं झाड डोक्यावर उभं आहे!’ सगळा वर्ग खिदळायला लागला. मास्तरांनी विचारलं, ‘मथू, पाटी उलटी धरलीस का गं?’

‘नाही. हे असंच असतं.’

‘मुळं वर?’

‘मुळं वरच असतात,’ मी ठणकावून सांगितलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. केळ जमिनीत उभी असते, तुळस वृंदावनात उभी असते हे मला कळत होतं हो. पण किराईत हे झाड आहे, तेही कुठंतरी मातीतून उगवत असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नव्हता. मला ते औषध होतं, आणि औषध आढ्याला असतं. मास्तर हसले नाहीत. ‘घरी विचारून ये,’ एवढंच म्हणाले.

मी पाटी पदराखाली जपत घरी नेली आणि नानांपुढे धरली. नानांनी पाटी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. ‘किराईत,’ म्हणाले. ‘देठ चौकोनी काढलायस, पानं समोरासमोर. अगदी बरोबर.’ आत्या डोकावून म्हणाली, ‘मेलं चित्र पाहूनसुद्धा तोंड कडू झालं.’ आईनंही मान डोलावली. कुणाला म्हणून काही खटकलं नाही! दुसऱ्या दिवशी मी शाळेत ताठ मानेनं जाहीर केलं की नाना बरोबर म्हणाले. वैद्यबुवाच बरोबर म्हणाले म्हटल्यावर चिमीचं तोंड एवढंसं झालं.

मास्तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर परतीच्या गाडीला न जाता आमच्याकडे आले. उंबऱ्यातच त्यांचं पागोटं एका जुडीत अडकलं. ते सोडवताना त्यांनी वर पाहिलं, आणि बघतच राहिले. मग जे हसायला लागले ते थांबेनात. नाना पाटावरून उठले. त्यांना वाटलं, मास्तरांना काही झालं. मास्तरांनी डोळे पुसत सगळा प्रकार सांगितला तेव्हा नानांचा चेहरा आवळला गेला. ‘मास्तर, झाडाला मुळं असतात हे आम्हांस ठाऊक आहे.’

‘असणारच. ती कुठल्या अंगाला असतात एवढंच मुलींना दाखवायचंय,’ मास्तर म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती, पण माणसानं वैद्याच्या ओटीवर उभं राहून असं बोलू नये. नानांनी सुपारी कातरायला घेतली आणि पुन्हा वर पाहिलं नाही. त्यांचीही एक बाजू होती. त्यांची विद्या त्यांच्या वडिलांपाशी, याच जुड्यांखाली बसून झालेली. मलंगगडाच्या बाजूच्या ठाकरणी पिढ्यान्‌पिढ्या जुड्या आणून देत. नाना वाळकं पान चुरडून, हुंगून, जिभेवर ठेवून नाव सांगत, आणि कधी चुकले नाहीत. हिरव्या झाडाशी त्यांना काम पडलंच नव्हतं. मास्तर गेल्यावर आत्या म्हणाली, ‘शहाणा मोठा! परीक्षेच्या दिवशी बघू म्हणावं.’ नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मनातून तेही तेच म्हणत होते हे मला कळलं.

मग मास्तरांनी आणखी एक आगळीक केली. मुलींना घरून आणणाऱ्या शाळेच्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन त्यांनी आम्हां मुलींना भर दुपारी पाटी-पेन्सिलीसह शेणाळे तळ्यावर नेलं. बाजारातून आमची रांग निघाली तर दुकानदार तागडी हातात धरून उठून उभे राहिले. तळ्याच्या काठच्या कुंपणाशी मास्तर थांबले. ‘मथू, यातलं तुझं किराईत शोध.’ मी शोधशोध शोधलं. सगळं हिरवं, सगळं सारखं. शेवटी चिडून एकेक पान चावायला लागले. एक पान चावलं आणि असं थुंकले की मास्तर म्हणाले, ‘सापडलं!’ गुडघ्याएवढं झुडूप, आणि तसली झुडपं तिथे ढिगानं. पाण्याला जाताना मी रोज त्यांच्यावरून पदर ओढत गेले होते! आनंद वगैरे पुढची गोष्ट, आधी मला संतापच आला. इतके दिवस हे इथे उभं होतं आणि मला कुणी सांगितलं नाही?

मी खाली बसले आणि काढायला लागले. मास्तर मागून विचारत. खालचं पान किती बोटं लांब? वरचं? मग ते लहान का? पानं कशी आहेत, आडवी की लोंबती? घरच्या जुडीत पानं शेंड्याकडे लोंबतात, इथे हात पसरल्यासारखी आडवी होती. मग पान लोंबायला कधी लागतं, पाणी कुठून चढतं, असं करत करत निम्मा वस्तुपाठ तिथेच झाला आणि बोटांच्या मापांनी थोडं गणितही झालं. आणि फुलं होती. इवलीशी, पांढरी, ओठांसारखी उघडलेली, खालच्या ओठावर जांभळ्या रंगाचा ठिपका. वाळलेल्या जुडीत फुलं असतात, पण मातकट झालेली. या कडू मेल्याला असलं नाजूक फूल येतं हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या ओटीवर सतरंजी अंथरली होती. नाना, तात्या आणि आणखी दोघे भिंतीला टेकून बसले. डिपुटीसाहेब जाड भिंगांचा चष्मा लावलेले, उन्हातून आल्यामुळे करवादलेले. आधी वाचन. चिमी अडखळली, तिच्यामागची तर रडायलाच लागली. तात्यांनी नानांकडे पाहिलं. पाढ्यांना एकीची पाऊणकी अडली, तर तिनं हवेत बोटानं घावन काढलं, त्याचे तुकडे केले आणि उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण तात्या ‘च्‌ च्‌’ करायचे थांबले नाहीत. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. ‘वैद्यबुवांची मुलगी ना तू? फळ्यावर घरची एखादी औषधी काढ.’

मी स्टुलावर चढले. पाठीमागे नाना बसलेत हे मला न बघता जाणवत होतं. खडू फळ्याच्या वरच्या कडेला टेकला आणि हातानं आपला आपण मुळं काढली, मग देठ खाली, मग लोंबती पानं. मागे खसखस पिकली तेव्हा कुठे मला कळलं. मास्तर जमिनीकडे बघत होते. झालं, म्हटलं, संपली शाळा. रडू अगदी ओठावर आलं होतं. आणि कुणास ठाऊक कसा, पण रडण्याच्या आधी राग आला. मी ते चित्र पुसलं नाही. त्याच्या शेजारी दुसरं काढलं, मुळं खाली, पानं आडवी, टोकाला फुलं. मग वळून म्हटलं, ‘हे आमच्या घरचं किराईत, आणि हे तळ्यावरचं.’

साहेबांनी चष्मा पुसला. ‘पानं निराळी का काढलीस?’

‘ते उपटून टांगलेलं आहे. पाणी मिळत नाही, म्हणून पानं मलूल होऊन लोंबतात. हे उभं आहे, मुळं पाणी ओढतात.’

‘आणि फुलाचा रंग?’

‘पांढरा. खालच्या ओठावर जांभळा ठिपका.’

‘बरोबर आहे का हो, वैद्यबुवा?’ साहेब सहज नानांकडे वळले. नुसतं ‘हो’ म्हणाले असते तर कुणाला काय कळणार होतं? पण न तपासता पुडी बांधली नाही असा तो माणूस. नानांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, ‘पाहून सांगतो.’ मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘दिव्याखाली अंधार.’ माझे कान तापले. मला माझ्यासाठी वाईट वाटलं नाही एवढं नानांसाठी वाटलं. डिपुटीसाहेब जाताना म्हणाले, ‘वाचन कच्चं आहे. बाकीचं शिकवणं वेगळं आहे. मुली पाठवायच्या की नाही ते आपण ठरवा.’ म्हणजे गाडी पुन्हा आमच्याच दारात येऊन थांबली.

संध्याकाळी भात आणि कढी. नाना मान खाली घालून जेवले आणि हात धुऊन देवघरात गेले. आत्या मात्र थांबेना. ‘पाहून सांगतो काय! चारचौघांत नाक कापून घेतलं या पोरीपायी. मथे, उद्या ती पाटी माळ्यावर टाक.’ मी ताटावर रडायला लागले. आई हळूच म्हणाली, ‘रडू नको गं, कढी खारट होते.’ तिला दुसरं काय बोलता येणार होतं?

सकाळी मी पाटी घेतलीच नाही. ओटीच्या कोपऱ्यात बसून राहिले. नाना पूजा आटोपून बाहेर आले, पगडी घातली, उपरणं घेतलं आणि म्हणाले, ‘मथू, चल. दाखव.’

‘कुठं निघालात?’ आत्यानं विचारलं.

‘तळ्यावर.’

‘पोरीला घेऊन? भर बाजारातून?’

‘रस्ता तिला ठाऊक आहे, मला नाही.’

बाजारातून मी पुढे आणि नाना मागे असे गेलो. तात्यांनी रामराम केला, नानांनी उलट रामराम केला, पण थांबले नाहीत. कुंपणाशी आल्यावर मी हातानं दाखवलं, ‘या सगळ्या झुडपांत आहे.’ नानांनी नजर फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांना ओळखू येईना हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘नाना, पान चावून बघा ना.’

‘चावून कुणीही सांगेल. मी पाहून सांगतो म्हणालोय.’

ते उकिडवे बसले. डाव्या हातानं पगडी धरली, उजवा हात जमिनीवर टेकला, आणि मान खाली, आणखी खाली घातली, इतकी की डोकं पार उलटं झालं आणि पगडी गवताला लागली. पाण्याला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघायला लागल्या. कल्याणचे वैद्यबुवा डोकं उलटं करून एकेक झुडूप बघत सरकत होते. एका झुडपापाशी थांबले. ‘हं!’ म्हणाले. ‘हे बघ. किराईत.’ अगदी तेच होतं.

मग ते सरळ झाले, पगडी नीट केली, आणि तेच झुडूप सुलट असं बराच वेळ पाहिलं. एक फूल बोटावर घेतलं. ‘पांढरं,’ म्हणाले. ‘ओठावर जांभळं. बरोबर सांगितलंस.’ उन्हं वर आली होती. ‘शाळेची वेळ झाली ना तुझी? जा. मास्तर ओरडतील.’

‘पाटी घरी राहिली.’

‘मग घरून घेऊन जा. आत्या काही बोलली तर मी सांगितलंय म्हणावं. आणि रोज वेळेवर जात जा.’

‘तुम्ही?’

‘मी बसतो जरा.’

मी पळत सुटले. वळणावरून मागे पाहिलं, तर नानांनी पगडी काढून मांडीवर ठेवली होती आणि त्या झुडपासमोर बसून काडीनं मातीत काहीतरी काढत होते.